बेटाच्या नाक्यावर नवं

मला आयुष्यात एकदा तरी अशा ठिकाणी राहायचं होतं, जिथं झोपायच्या आधी कुणीतरी येऊन विचारतं की उशी कुठली हवी. उगाच सांगत नाही. माझी लेक ज्या बेटावर नोकरी करते तिथं खरंच उशांची यादी असते. मऊ, कडक, मानेला आधार देणारी, कापसाची, कसल्या कसल्या पिसांची. पाहुण्याने बोट ठेवायचं आणि उशी हजर. लेकीने हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मी मोखाड्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर बसले होते, आणि मला हसू आवरेना. आमच्या पोशेऱ्याच्या घरात उशी म्हणजे जुन्या लुगड्याची घडी. पण हसता हसताच मनात पक्कं झालं, की एकदा जायचं.

मी कचेरीत कारकून आहे. माहेर जामसरचं, सासर पोशेऱ्याचं. दोन्हीकडे भात, दोन्हीकडे नागली, म्हणजे नाचणी, दोन्हीकडे डोंगर, त्यामुळे लग्न करून मला फारसं काही वेगळं बघायला मिळालं नाही. असं म्हटलं की नवरा चिडतो, म्हणून मुद्दाम म्हणते.

लेक आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला हॉटेलचा कोर्स केला, आणि आता त्या बेटावरच्या बंगल्यांची सगळी व्यवस्था बघते. बेटाचं नाव लिहीत नाही, तिने तशी ताकीदच दिली आहे. आपल्याच देशात आहे, पण दोन विमानं बदलून, मग होडीने जावं लागतं, आणि परवानगीशिवाय तिथं पाऊल टाकता येत नाही. संरक्षित बेट. कासवं तिथं अंडी घालायला येतात, समुद्रातले पक्षी चक्क जमिनीवर घरटी करतात. पाहुणे एका वेळी मोजकेच. हे पाहुणे असतात तरी कोण, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आम्हाला ते विचारायची परवानगी नसते."

सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बेट बंद असतं, तेव्हा लेक घरी येते. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, ती गुडघाभर चिखलात आमच्या बरोबरीने उभी असते. डोंगरउतारावर नागलीची रोपंही तीच लावते. पण बेटाचा हंगाम दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो आणि आमची नागली नेमकी त्याच सुमारास कापणीला येते. लावायला ती असते, खायला नसते.

आता यात एवढं काय, असं वाटेल. आमच्या घरची रीत सांगते, मग कळेल.

नागलीची पहिली कणसं आमच्याकडे धान्य म्हणून घरात येत नाहीत, कणसरी म्हणून येतात. कणसरी म्हणजे धान्याची देवी. घरातलं थोरलं माणूस, म्हणजे आमचे सासरे, ती कणसं निखाऱ्यावर धरतात, तळहातावर चोळतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि दाणे गरम असतानाच गुळाच्या खड्याबरोबर घरातल्या एकेकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवतात. याला आम्ही नवं म्हणतो. सुरुवात धाकट्यापासून. सगळ्यांना देऊन झालं की ते विचारतात, "कोण ऱ्हायलं?" सगळ्यांनी म्हणायचं, "कोणी नाय." मग सर्वांत शेवटी ते स्वतः खातात, आणि त्यानंतरच त्या सालची नागली त्यांना चालते. त्या वेळी छपराखाली जो कुणी असेल तो घरचाच धरायचा, अशीही रीत आहे. एकदा दारावर आलेला भांडीवाला आमच्याकडे नवं खाऊन गेला. सासरे अजून त्याची चौकशी करतात.

लेक बेटावर गेली त्या वर्षी सासऱ्यांनी सगळ्यांना नवं दिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कोण ऱ्हायलं?" कुणी बोललंच नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी चुलीकडे बघितलं. मग आपल्या वाट्याची चिमूट त्यांनी फडक्यात बांधली आणि उठून पडवीत जाऊन बसले. पुढल्या वर्षी तेच झालं. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच.

आम्ही बाकीचे नागलीची भाकरी खात होतो आणि हे नागलीवर वाढलेलं माणूस रेशनचा तांदूळ चिवडत होतं. भाकरी तव्यावर पडली की वास पडवीपर्यंत जायचा, आणि ते उगाच गुरांकडे जाऊन यायचे. लेक पावसाळ्यात आली की तेव्हा द्या म्हणावं, तर होळीनंतर ते नवं राहत नाही. पार्सलने पाठवावं, तर घरच्या थोरल्याच्या हातूनच मिळायला हवं. भावकीतल्या लोकांनी सुचवलं, "पोरीला लगीन झालेली धरा. दिलेल्या पोरीचं नवं तिच्या घरी होतं. तुम्ही खाऊन मोकळे व्हा."

"कोणाच्या घरी दिली ती सांगा," सासरे म्हणाले. "मी जाऊन त्यांना इचारतो, पोरीनं नवं खाल्लं का नाय."

मला तर संतापच यायचा. एकदा मी सरळ म्हटलं, "बाबा, देवाला एवढी मोजणी येते का?"

"देवाला नाय येत," ते म्हणाले. "मना येते."

पण राग हा वरवरचा, आत भीती होती. सासऱ्यांचं वय झालेलं. या हट्टापायी एखाद्या वर्षी घरची नागली न खाताच ते गेले, तर माझी पोर जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. आणि त्याच्याही खाली एक भीती होती, ती मी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. भावकी म्हणते ते खरं निघालं तर? लग्न न होताच पोर घरातून गेलेली असली तर?

गेल्या वर्षी तिचा फोन आला. बेटावर जुन्या झालेल्या कर्मचाऱ्यांना घरच्या दोन माणसांना बोलावता येतं, हंगामाच्या सुरुवातीला गर्दी नसते तेव्हा. राहणं, खाणं, येणं-जाणं, सगळं बेटाकडून. "तू आणि बाबा या," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांसमोर उशांची यादी नाचायला लागली. नवरा म्हणाला, "आणि खळं कोण बघणार? म्हशी कोण सोडणार?" मी तोंड उघडणार एवढ्यात पडवीतून आवाज आला, "मी येतो."

सासऱ्यांची धाव ठाण्यापर्यंत. तरुणपणी तिथं बिल्डिंगच्या कामावर जायचे, त्यांचं हिंदीही तिथलंच. त्यापलीकडे त्यांना कधी कुठं जावंसं वाटलं नव्हतं. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. उन्हात पाय सोडून बसायची स्वप्नं मी रंगवत होते आणि सोबत कोण, तर सासरे.

लेकीने फोनवर शंभरदा बजावलं. बी नको, माती नको, रोप नको, फळ नको. चपला धुऊन या, कपडे झटकून या. बेटावर बाहेरचं एक गवत रुजलं तर पक्ष्यांची घरटी जातात. पीठ चालेल, पण बंद पिशवीत. घरात बाकीच्यांचं नवं झालं होतं, सासरे तेवढे याही वर्षी थांबले होते. पीठ म्हटल्यावर माझं डोकं चाललं. मी नव्या नागलीचं पीठ खोडाळ्याच्या गिरणीतून दळून आणलं, पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवलं आणि सासऱ्यांपुढे ठेवलं. "हे तिथं तिच्या हातावर द्या. झालं नवं."

त्यांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "ह्यां गिरणीनं आधी खाल्लं," ते म्हणाले. "गिरणीचं नवं झालं. आपलं नाय."

मी म्हटलं, मग राहू द्या, पण दुसरं काही न्यायचं नाही. पिशवी आणि गुळाचा खडा मी माझ्या बॅगेत टाकला. मला वाटलं, शेवटचा शब्द माझा झाला.

खोडाळ्याहून जीपने कसाऱ्याला, तिथून गाडी करून विमानतळावर. विमानात त्यांना खिडकी मिळाली. सगळे बाहेर बघत होते आणि हे समोर बघत, बंडीच्या छातीवरच्या खिशावर हात दाबून ताठ बसलेले. "बाबा, छातीत दुखतंय का?"

"नाय."

"मग हात का धरलाय?"

"आसाच."

दुसऱ्या विमानातही तेच. मी लेकीला मेसेज केला, की आजोबांना डॉक्टरला दाखवावं लागेल बहुतेक.

बेटावर थेट जाता येत नाही. आधी शेजारच्या मोठ्या बेटावर उतरायचं, तिथं जेट्टीला तपासणीचा नाका आहे. नाका कसला, आमच्या कचेरीपेक्षा थंडगार आणि स्वच्छ. आपली झडती चालू आहे हे पाहुण्याला कळूसुद्धा नये अशी व्यवस्था. चपला दुसऱ्या खोलीत ब्रशने घासायला गेल्या आणि इकडे आमचे पाय कोमट पाण्याच्या घंगाळात. पाण्यात फुलं. हातात शहाळं. मी मान मागे टाकली आणि म्हटलं, देवा, अजून खूप वेळ तपासू दे यांना.

नाक्यावर एक बाई होती, माझ्याच वयाची, खाकी शर्ट, हातमोजे, कपाळावर बॅटरी बांधलेली. तिने माझी बॅग रिकामी केली, घड्या उलगडल्या, आणि माझ्या साडीच्या फॉलमधून चिमट्याने एकेक कुसळ काढायला लागली. निघायच्या दिवशी मी खळ्यावरून चक्कर मारून आले होते, त्याचा प्रसाद. पोशेऱ्याचं सगळं गवत त्या पांढऱ्या ताटलीत जमा झालं. मी शहाळ्यात तोंड घातलं.

मग ती सासऱ्यांकडे वळली. "बाबाजी, आपके पास कोई बीज, पौधा, मिट्टी?"

सासरे घंगाळातून पाय काढून उभे राहिले. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक फडकं काढून टेबलावर ठेवलं. फडक्यात नागलीची कणसं होती. भरलेली, तांबूस, मूठभर.

"नागली है," ते म्हणाले. "घर का नवा है."

छातीतलं दुखणं कसलं होतं ते मला तेव्हा कळलं.

बाईने कणसं बॅटरीच्या उजेडात बघितली. "ये अंदर नहीं जाएगा," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. "इसको जलाना पड़ेगा."

माझं डोकं सटकलं. खरं तर राग सासऱ्यांवर यायला हवा होता, पण जळायची गोष्ट ऐकली आणि मी उठलेच, ओल्या पायांनी. मी तिला माझ्या कचेरीतल्या हिंदीत सुनावलं, की हे देवाचं आहे, देवाला कुणी सामान म्हणतं का, आणि तुमचे साहेब कुठं आहेत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भगवान का है तो भी बीज है, दीदी."

"बाय, खाली बस," सासरे मला म्हणाले. "ही बरोबर बोलते."

"काय बरोबर बोलते?"

"आपल्या वाघोबाच्या राईत तू चपला घालून जातेस का? बाहेरचं काय नेऊन लावतेस का? नाय ना. ही त्यांची राई हाय. आन् ही बाय राखणदार." मग ते तिच्याकडे वळले. "जलाना है ना? तो जलाव. हमको भी आग में ही डालना है. आग किधर है?"

तिला काही समजेना. मला दुभाषा व्हावं लागलं, रागारागातच. मी सांगायला लागले, की आमच्याकडे पहिली कणसं निखाऱ्यावर भाजतात, भाजलेले दाणे गरम असतानाच नातीच्या हातावर द्यायचे आहेत, ती इथंच बेटावर काम करते, तिने खाल्ल्याशिवाय हे खात नाहीत, आज तीन वर्षं झाली. सांगता सांगता माझा आवाज खाली आला. त्यांच्या भट्टीत जे व्हायचं तेच आमच्या रीतीत आधी करायचं असतं, हे मलाच बोलताना उमगत होतं.

तिने एक कणीस उचलून चिमटीत फिरवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, की भाजलेला दाणा रुजत नाही, शेंगदाणे तर आम्ही रोज सोडतो. वॉकीटॉकीवर कुणाशी तरी त्यांच्या भाषेत बोलली, दोनदा मान हलवली, एकदा डोळे वटारले. निकाल असा लागला: जे करायचं ते या नाक्यावरच, तिच्या डोळ्यांदेखत. कणीसुद्धा बेटावर जाता कामा नये, कोंडा भट्टीत.

"और बेटी कौन है?"

मी नाव सांगितलं. तिच्या भुवया वर गेल्या. "वो? वो तो मेरे से भी कड़क है. मेरा साफ किया हुआ जूता फिर से चेक करती है."

आम्हाला न्यायला होडी येणारच होती. त्याच होडीने पोरीला पाठवा, असा निरोप गेला. ती कामावर होती, येऊ देतील की नाही कुणालाच माहीत नव्हतं. नाक्याच्या मागच्या पडवीत लोखंडी भट्टी पेटली. निखारे झाले तरी सासरे कणसांना हात लावेनात. अंधाराच्या आत होडीला परत फिरायचं होतं आणि ऊन तर कलायला लागलं होतं. मी जेट्टीच्या टोकाला उभी राहून पाण्याकडे बघत होते. पाणी फोटोत दिसतं त्याहून निळं होतं, आणि मला त्याचं काहीएक सुख नव्हतं.

होडी आली. नाखवा उतरला, आणि त्याच्या मागून पांढऱ्या गणवेशात, केस घट्ट बांधलेली माझी लेक. ती आनंदाने पळत येईल असं मला वाटलं होतं. ती आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आजा! फोनवर सांगितलं होतं ना मी तुला? एवढ्या वेळा सांगितलं होतं!" तिचा चेहरा लाल झाला होता. बरोबर काम करणारी माणसं बघत होती. "अरे, हे थांबवायचंच तर काम करतो आम्ही इथं. आणि माझ्याच घरचं माणूस घेऊन येतं!"

पोर त्यांची झाली, मला वाटलं. ती त्यांच्या बाजूने उभी आहे आणि आम्ही टेबलाच्या या बाजूला, झडतीला आलेले.

सासरे भट्टीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. "बस," एवढंच म्हणाले.

ती उभीच होती. मी तेव्हा काय काय बोलले मनात, कुठल्या कुठल्या देवाला, ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मग तिने वाकून बूट काढले, बाजूला ठेवले, आजाच्या समोर आमच्या पडवीत बसते तशी उकिडवी बसली आणि एका तळव्याखाली दुसरा तळवा धरून ओंजळ पुढे केली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

कणसं निखाऱ्यावर तडतडली. समुद्राच्या वाऱ्यात नागली भाजल्याचा वास मिसळला आणि माझे डोळे भरले, धुरामुळे नाही. सासऱ्यांनी कणसं तळहातावर चोळली, तोंड जवळ नेलं, आणि नाक्यावरची बाई ओरडली, "फूँक मत मारो!" कोंडा उडून वाऱ्यावर गेला तर? तिने धावत जाऊन मोठं पत्र्याचं ताट आणलं, ते त्यांच्या समोर आडवं धरलं, आणि नाखव्याला पाठीशी उभं केलं, वारा अडवायला. अशा बंदोबस्तात आमच्या सासऱ्यांनी भट्टीच्या तोंडाकडे बघत हळूच फुंकर मारली. नव्याला एवढी राखण आमच्या घराण्यात कधी झाली नसेल.

मी बॅगेतला गुळाचा खडा दिला. त्यांनी लेकीच्या हातावर चिमूट ठेवली. तिने डोळे मिटून ती तोंडात टाकली, चावली, आणि गणवेशाची बाही डोळ्यांना लावून रडायला लागली, लहान असताना रडायची तशी, आवाज करून. मग त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"कोण ऱ्हायलं?" सासऱ्यांनी विचारलं.

किती दिवसांनी मी या प्रश्नाला तोंड उघडत होते. "कोणी—"

"थांब ना, आई," लेक म्हणाली. तिने नाक पुसलं आणि आजूबाजूला बघितलं. वर पत्र्याचं छप्पर होतं, नाक्याचं. "ही राहिली की. आणि नाखवा राहिला."

मी विसरले होते. घरात राहून, दरवर्षी नवं खाऊन, मी ते विसरले होते आणि तिला आठवत होतं. छपराखाली जो असेल तो घरचा. ज्या पोरीला ही मोजणी येते ती घरातून गेलेली नसते, हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं, की इतकी वर्षं उराशी धरलेली भीती कुठं गेली ते समजलंसुद्धा नाही.

"मेरे को?" बाई म्हणाली. तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि लेकीचं बघून तशीच ओंजळ धरली. नाखव्याने उभ्याउभ्याच घेतलं, तर लेकीने त्याला बसवलं.

"कोण ऱ्हायलं?"

"कोणी नाय," आम्ही दोघी म्हणालो. "कोनी नाय," बाईनेही म्हटलं.

सासऱ्यांनी उरलेली चिमूट तोंडात टाकली. थोड्याच दातांनी ते सावकाश चावत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. गिळल्यावर ते माझ्याकडे वळले.

"गूळ कमी हाय," म्हणाले.

मला इतकं हसू आलं की मी तिथंच फरशीवर बसले. त्यांनी फडकं भट्टीवर नीट झटकलं, ताटातला कोंडा स्वतः निखाऱ्यात सारला, बंडीचा खिसा उलटा करून बाईला दाखवला, आणि मग आम्ही होडीत बसलो.

बेटाबद्दल सांगायचं तर ते फोटोत आहे तसंच आहे. मी उशांची यादी मागवली आणि सगळ्या प्रकारच्या उशा घेतल्या. लेक म्हणाली, आई, लोक एकच निवडतात. मी म्हटलं, लोकांना दरवर्षी मिळत असेल. सासरे खाली चटईवर झोपले, फेट्याची उशी करून. आमच्या बंगल्याची न्हाणी उघडी होती, वर नुसतं आभाळ. ती बघून ते म्हणाले, एवढं बांधलं आन् छप्पर घालायचं ऱ्हायलं. पण वाळूत मात्र ते अनवाणीच चालायचे, आणि एक शिंपला उचलला नाही. पहाटे कासव वर येऊन गेल्याच्या खुणा दिसल्या तेव्हा त्यांनी दुरूनच हात जोडले. मी लोळले, पोहण्याच्या तलावात कडेला धरून उभी राहिले, कुणीतरी आणून दिलेलं काहीतरी थंड प्यायले. मनात कुठंही टोचणी नसताना आराम करणं काय असतं, ते मला त्या वाळूत कळलं.

माझ्या चिकटवलेल्या पिशवीतलं पीठही वाया गेलं नाही. लेकीने ते स्वयंपाकघरात नेऊन स्वतः भाकऱ्या थापल्या आणि चांदीच्या झाकणाखाली आणून ठेवल्या. सासऱ्यांनी झाकण उचललं, वास घेतला आणि सगळ्या खाल्ल्या. कशाबरोबर खातोय याचंही त्यांना भान नव्हतं.

परत निघताना नाक्यावर पुन्हा तीच बाई. लेक सोडायला आली होती. सासऱ्यांनी बाईला समोर बसवून सांगितलं, "तू हमारे घर का नवा खाया. अभी तू घर की है. इससे बडी है. अगले साल मेरा पाव नहीं चला, तो इसको तेरे हाथ से देना. भूना हुआ मैं भेजेगा."

"आजा, तू येशील पुढच्या वर्षी," लेक म्हणाली.

"येईन तं येईन," ते म्हणाले. "पण हात पायजे ना इकडं एक."

या वर्षी त्यांचे गुडघे खरंच चालले नाहीत. घरच्या निखाऱ्यावर त्यांनी कणसं भाजली, दाणे मी डब्यात घालून, डबा बंद करून बाईच्या नावाने पाठवला, आणि पोचल्याचा निरोप येईपर्यंत आमच्या घरात कुणीच नवं खाल्लं नाही. मग सगळे खळ्यावर बसलो. फोन सुपात उभा करून ठेवला. रेंज खळ्यावरच येते, चित्र अडकत होतं, पण आवाज येत होता. तिकडे बाईने दाणे भट्टीवर गरम केले असावेत, कारण लेक म्हणाली, "हं, गरम आहेत, आजा." मग बाईचा आवाज आला, "कोन रायला?" आणि तिकडून उत्तर आलं, "कोणी नाय."

दोन आवाज असतील असं मला वाटलं होतं. पण ते पुष्कळ होते. नाखव्याचा मी ओळखला. बाकीचे स्वयंपाकघरातले, बागेतले, होडीवरचे असावेत, बायका आणि पुरुष, कसकशा उच्चारात. लेकीने नाक्याच्या छपराखाली जेवढी माणसं मावली तेवढी बोलावली होती.

इकडे सासऱ्यांनी आम्हाला विचारलं, आम्ही उत्तर दिलं, आणि त्यांनी आपली चिमूट तोंडात टाकली. गूळ या वेळी मी मुद्दाम मोठा ठेवला होता. ते चावत होते आणि ओठांतल्या ओठांत, बोटांची पेरं दाबत, फोनमधून आलेले आवाज मोजत होते. एका हाताची बोटं संपली तेव्हा दुसऱ्या हातावर गेले.

मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, "पुढल्या साली वरचा माळ पडीक ठेवू नको. तिथंबी नागली लाव. माणसां वाढली."